वाळूतून उठलेली गाडी

मुलांनो, सायकलची चेन पडली की तुम्ही काय करता? खाली उतरायचं, सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करायची, चेन दातेरी चक्रावर बसवायची आणि पायडल हातानं गरगर फिरवायचं. बोटं काळी होतात, पँटला डाग पडतो, घरी बोलणी बसतात. पण काम दोन मिनिटांचं! बेंबळीतल्या तिसरी-चौथीच्या पोरालाही ते जमतं.

आता अशीच चेन एका मोटारगाडीला आहे असं समजा. एक डाव्या बाजूला, एक उजव्या बाजूला, आणि दोन्हींच्या मध्ये बसलाय ड्रायव्हर. गाडी धावतेय ताशी पावणेतीनशे किलोमीटर वेगानं! डोक्याला नुसती कातडी टोपी, सीटबेल्टचा पत्ता नाही. आणि हे सगळं कधी? तर शंभर वर्षांपूर्वी, १९२६ साली!

ही गाडी इंग्लंडमध्ये तयार झाली, वेल्स नावाच्या प्रदेशात समुद्रकिनारी धावली आणि एक दिवस तिथंच उलटली. मग लोकांनी तिला चक्क वाळूत पुरून टाकलं. बेचाळीस वर्षांनी एका मास्तरानं ती उकरून काढली, आणि ती पुन्हा धावली! तिचं नाव बॅब्ज. आज तिचीच गोष्ट सांगतो.

मोटारीच्या अंगात विमानाचं इंजिन

पहिलं महायुद्ध १९१८ साली संपलं. युद्धासाठी बनवलेली हजारो विमान-इंजिनं आता बिनकामाची पडून होती. त्या वेळी इंग्लंडमध्ये काउंट लुई झबोरोवस्की नावाचा एक तरुण होता. घरची गडगंज श्रीमंती, आणि नाद एकच, मोटारींचा! कँटरबरी गावाजवळ हायम नावाचा त्याचा भलामोठा वाडा होता. तिथं तो मोटारींच्या सांगाड्यावर विमानाची इंजिनं बसवायचा. त्याच्या अशाच एका गाडीचं नाव होतं 'चिटी बँग बँग'. पुढं इयान फ्लेमिंग या लेखकानं याच नावावरून मुलांसाठी एका उडत्या मोटारीचं पुस्तक लिहिलं. ते १९६४ साली निघालं. त्यावर सिनेमाही आला.

याच झबोरोवस्कीनं एक सगळ्यात मोठी गाडी बांधायला घेतली. तिचं नाव 'हायम स्पेशल'. तिला बसवलं अमेरिकेत बनलेलं 'लिबर्टी' नावाचं विमानाचं इंजिन. बारा सिलिंडर, आणि आकारमान सत्तावीस लिटर!

सत्तावीस लिटर म्हणजे किती? आपण हिशेब करू. गावात फिरणाऱ्या साध्या मोटारसायकलचं इंजिन १०० सी.सी.चं असतं. १००० सी.सी. म्हणजे एक लिटर. म्हणजे सत्तावीस लिटरमध्ये अशा किती मोटारसायकली मावल्या? २७० मोटारसायकली! बेंबळीच्या बाजाराच्या दिवशीसुद्धा एका जागी एवढ्या गाड्या दिसायच्या नाहीत. त्या सगळ्यांची इंजिनं एका बॉनेटखाली कोंबली, असं समजा.

एवढं इंजिन पुढं, आणि चालणारी चाकं मागं. मग इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायची कशी? आज एखाद्या टेम्पोखाली डोकावून बघा. लांबलचक फिरता दांडा दिसेल. मेस्तरी त्याला शाफ्ट म्हणतात. शाफ्ट त्या काळीही होते. पण या गाडीत ते काम दोन जाड चेनवर सोपवलं होतं. अगदी आपल्या सायकलसारखं!

ही गाडी पूर्ण तयार होण्याआधीच घात झाला. १९ ऑक्टोबर १९२४ रोजी इटलीत मोंझा इथल्या शर्यतीत झबोरोवस्की मर्सिडीज गाडी चालवत होता. त्या अपघातात तो गेला. वय तिशीच्या आतलं. हायम स्पेशल धनी गेलेल्या बैलासारखी गोठ्यात उभी राहिली.

लेलँडचा माणूस

मग ती घेतली कुणी? इथं आपल्या ओळखीचं एक नाव येतं. रस्त्यावरच्या ट्रकच्या, कितीतरी एस.टी. गाड्यांच्या तोंडावर तुम्ही 'अशोक लेलँड' हे नाव वाचलं असेल. त्यातलं 'अशोक' हे नाव आपलं. १९४८ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत 'अशोक मोटर्स' कंपनी निघाली. 'लेलँड' हे नाव मात्र इंग्लंडच्या कंपनीचं. १९५५ साली दोन्ही नावं जोडली गेली. आपल्या महाराष्ट्रात भंडारा जिल्ह्यातही अशोक लेलँडचा कारखाना आहे.

त्या इंग्लंडच्या लेलँड कंपनीत जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस नावाचा मुख्य अभियंता होता. माणूस मूळचा वेल्सचा, रेक्सम गावी जन्मलेला. १९२० साली त्यानं कंपनीसाठी 'लेलँड एट' नावाची आलिशान मोटार तयार केली. ती इतकी महाग पडली की फारच थोड्या विकल्या गेल्या. पण या गाडीनं त्याला शर्यतीचा नाद लावला. त्यानं कंपनीची नोकरी सोडली आणि ब्रुकलँड्स इथल्या मोटार-शर्यतीच्या मैदानाच्या आवारातच छोटंसं घर करून राहू लागला. घराशेजारी कारखाना, कारखान्याशेजारी मैदान! त्याच्या हाताखाली रीड रेल्टन नावाचा एक हुशार तरुण अभियंता होता. हे नाव लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

झबोरोवस्की गेल्यावर थॉमसनं हायम स्पेशल १२५ पौंडांना विकत घेतली. त्या काळीसुद्धा एवढ्या मोठ्या यंत्राला ही किंमत स्वस्तच! पण ती जशीच्या तशी पळवली तर तो थॉमस कसला? त्यानं इंजिनात स्वतः आखलेले पिस्टन घातले. चार नवे कार्बोरेटर बसवले. गाडीचं अंग खाली आणलं, शेपूट निमुळतं केलं, म्हणजे वारा अडणार नाही. वाऱ्याचा अडथळा काय असतो हे तुम्हांला ठाऊकच आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं राहिलं की वारा तोंडावर आपटतो, खाली बसलं की लागत नाही. गाडीचंही तसंच. आणि मग त्यानं या जुन्या गाडीला नवं नाव दिलं, 'बॅब्ज'.

विहिरीसारखं मैदान, तव्यासारखी वाळू

जत्रेत तुम्ही 'मौत का कुआँ' पाहिला असेल. लाकडी विहिरीच्या उभ्या भिंतीवरून मोटारसायकलवाला गोल गोल फिरतो, आणि आपण वरून कठड्याला धरून बघतो. वेगात असतो तोवर तो पडत नाही. ब्रुकलँड्सचं मैदान काहीसं याच तत्त्वावर होतं. १९०७ साली बांधलेला हा काँक्रीटचा रस्ता पावणेतीन मैलांचा, म्हणजे जवळजवळ साडेचार किलोमीटरचा होता. वळणावर तो बशीच्या काठासारखा बाहेरून उंच उचललेला होता. खास मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेलं हे जगातलं पहिलं मैदान.

पण जमिनीवरचा सगळ्यात जास्त वेग गाठायचा, तर गोल फिरून भागत नाही. त्याला हवा लांब, सरळ, सपाट रस्ता. इंग्लंडच्या रस्त्यांवर तशी सोय कुठून असणार? मग लोकांची नजर समुद्राकडं वळली.

सहलीला कोकणात गेलात तर एक गंमत करून बघा. किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत धावा. पाय घोट्यापर्यंत रुततो. आता जिथून नुकतीच लाट मागं गेली आहे त्या ओल्या वाळूवर धावा. पाय रुतत नाही, वाळू टणक लागते. वाळूच्या कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना एकमेकांना घट्ट धरून ठेवतं. वेल्समध्ये पेंडाईन नावाच्या गावाजवळ अशी सुमारे अकरा किलोमीटर लांबीची सपाट वाळू आहे. भरतीचं पाणी ओसरलं की ती तव्यासारखी पसरते. वेगाच्या वेड्यांना आणखी काय हवं?

माल्कम कॅम्बेल नावाच्या इंग्रज चालकानं सप्टेंबर १९२४ मध्ये पेंडाईनला ताशी २३५ किलोमीटरचा वेग गाठला. पुढच्याच वर्षी तो २४२ वर गेला. मार्च १९२६ मध्ये हेन्री सीग्रेव्हनं साउथपोर्टच्या किनाऱ्यावर २४५ केला. विक्रम असा मुंगीच्या पावलानं वाढत होता. आता पाळी होती बॅब्जची.

दोनदा का पळायचं?

त्याआधी एक छोटासा गणिताचा तास घेऊ. विक्रम मोजायचा तर गाडी एकदा पळून चालत नाही. आधी या टोकाकडून त्या टोकाकडं, मग त्या टोकाकडून या टोकाकडं, अशी दोनदा पळावी लागते. दोन्हींची सरासरी काढतात. का बरं? तर वाऱ्यासाठी! सायकलवर शाळेत जाताना वारा समोरून असला की दमछाक होते आणि येताना तोच वारा पाठीवर असला की सायकल आपोआप पळते, हो ना? मग नुसतं येतानाचा वेग सांगून बढाई मारणं बरोबर आहे का? नाही. म्हणून दोन्ही बाजू मोजायच्या. वाऱ्याचं कर्ज वाऱ्याला फेडायचं!

२७ एप्रिल १९२६. पेंडाईनची वाळू. नक्षीदार विणीचा स्वेटर घालून हिंडणारा थॉमस बॅब्जमध्ये बसला. दोन्ही दिशांची सरासरी निघाली ताशी २७२ किलोमीटर! सीग्रेव्हच्या विक्रमापेक्षा सत्तावीस किलोमीटर जास्त. मुंगीच्या पावलांच्या जागी एकदम हरणाची उडी. दुसऱ्या दिवशी, २८ एप्रिलला, तो पुन्हा पळाला. आता २७५!

हा वेग डोळ्यांपुढं आणायचाय? ताशी २७५ किलोमीटर म्हणजे एका सेकंदाला सुमारे ७६ मीटर. खो-खोचं मैदान साधारण २७ मीटर लांब असतं. तुम्ही 'खो' हा एक शब्द म्हणेपर्यंत बॅब्जनं जवळजवळ तीन मैदानं ओलांडलेली असतील. किंवा असं बघा. धाराशिवहून सोलापूरला जायला एस.टी.ला दीड-दोन तास लागतात. बॅब्ज त्या वेगानं गेली असती तर पंधरा मिनिटांत सोलापूर! कंडक्टरचं तिकीट फाडून होण्याआधीच.

आणि हे सगळं कुणी केलं? दुसऱ्यानं अर्धवट सोडलेली, १२५ पौंडांची जुनी गाडी घेऊन स्वतःच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसानं.

३ मार्च १९२७

विक्रम म्हणजे भाड्याचं घर. दुसरा कुणीतरी येणार, आपल्याला निघावं लागणार. ४ फेब्रुवारी १९२७ रोजी माल्कम कॅम्बेल आपली नवी गाडी 'ब्लू बर्ड' घेऊन पेंडाईनला आला आणि त्यानं २८१ किलोमीटरचा विक्रम केला. थॉमसचं घर गेलं.

महिन्याभरात थॉमस बॅब्जला घेऊन परत आला. ३ मार्च १९२७. वाळू तीच, गाडी तीच, माणूस तोच. बॅब्ज भरधाव सुटली. आणि धावता धावता ती भरकटली, उलटली, कोलांट्या खात गेली. थॉमस जागीच गेला. वयाची पंचेचाळीशीही त्यानं गाठली नव्हती. जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमासाठी जीव गमावणारा तो पहिला चालक मानला जातो.

गाडीची उजवीकडची चेन तुटलेली होती. लोकांनी लगेच निकाल दिला, "चेन तुटली, तिनंच त्याला मारलं." वर्तमानपत्रांत तेच छापून आलं. पुस्तकांत तेच उतरलं. वर्षानुवर्षं तेच सांगितलं गेलं.

थॉमसला ब्रुकलँड्सजवळ बायफ्लीट गावच्या चर्चच्या आवारात चिरविश्रांती मिळाली. आणि बॅब्ज? तिच्या सीटचं कातडं फाडण्यात आलं, घड्याळांच्या काचा फोडण्यात आल्या, म्हणजे कुणी आठवण म्हणून काही पळवू नये. मग पेंडाईनच्या वाळूच्या टेकाडांत मोठा खड्डा खणला आणि गाडी त्यात पुरून टाकली. जिनं आपला माणूस नेला ती पुन्हा डोळ्यांपुढं नको, असं त्याच्या जवळच्यांना वाटलं. त्यांचं दुःख आपण समजू शकतो.

पण वेगाची शर्यत काही थांबली नाही. त्याच महिन्यात, २९ मार्च १९२७ ला, सीग्रेव्हनं अमेरिकेत डेटोना किनाऱ्यावर ताशी ३२८ किलोमीटर वेग गाठला. त्याच्या सनबीम गाडीलाही चेनच होत्या. पण त्या भक्कम पोलादी आवरणात बंद केलेल्या होत्या.

आणि तो रीड रेल्टन? गुरू गेला, पण शिष्यानं हत्यार खाली ठेवलं नाही. पुढं त्यानं आखलेल्या गाडीत बसून जॉन कॉब या चालकानं १९४७ साली ताशी ६३४ किलोमीटरचा विक्रम केला. बॅब्जच्या दुपटीहून जास्त!

तेरची माती आणि पेंडाईनची वाळू

बॅब्ज वाळूखाली झोपली. वर्षं गेली. दुसरं महायुद्ध झालं. किनाऱ्याचा तो भाग लष्कराच्या ताब्यात गेला. तिथं तोफगोळ्यांची चाचणी होऊ लागली. गाडी नेमकी कुठं पुरली आहे, हे सांगणारेही कमी होत गेले.

मुलांनो, जमिनीखाली काय काय दडलेलं असतं हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना वेगळं सांगायला नको. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर! दोन हजार वर्षांपूर्वी त्याला तगर म्हणत. समुद्रापलीकडच्या रोमपर्यंत त्याचा व्यापार होता. हे कळलं कसं? तेरच्या मातीतून मणी, नाणी, मातीच्या आणि हस्तिदंताच्या बाहुल्या निघाल्या म्हणून. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच गृहस्थ. लोकांना ज्या खापऱ्या वाटायच्या त्या वस्तू त्यांनी हौसेनं गोळा केल्या, जपून ठेवल्या. म्हणून तर आज तेरच्या सरकारी संग्रहालयाला त्यांचं नाव आहे. तुम्ही सहलीला गेला असाल तर तिथल्या वस्तू पाहिल्याच असतील.

असाच एक हौशी माणूस वेल्समध्येही होता. त्याचं नाव ओवेन विन ओवेन. राहायचा कॅपेल क्यूरिग नावाच्या डोंगरातल्या गावी, आणि बँगोर शहराच्या तंत्रनिकेतनात शिकवायचा. म्हणजे आमच्यासारखाच मास्तर! जुनी यंत्रं दुरुस्त करण्याचा त्याला छंद. त्याच्या मनानं घेतलं, बॅब्जला बाहेर काढायचं.

खणायचं म्हणजे फावडं उचलून लगेच निघायचं असं नसतं बरं का. जागा लष्कराची, तेव्हा त्यांची परवानगी हवी. गाडी थॉमसची, तेव्हा त्याच्या नातेवाइकाची संमती हवी. ओवेननं थॉमसच्या पुतण्याला शोधून काढलं. काही लोक नाराजही झाले. त्यांना वाटत होतं, ती जागा म्हणजे एक प्रकारची समाधीच आहे, तिला हात लावू नये. ओवेनचं म्हणणं होतं, थॉमसनं इतक्या बुद्धीनं आणि कष्टानं तयार केलेलं यंत्र वाळूत गंजत पडू देणं हा कसला मान?

आमच्या सातवीच्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा इथंच गाडी अडली. वर्गात दोन तट पडले. एक मुलगी म्हणाली, "सर, माणूस तिथं नाही पुरलेला, गाडी पुरलीय. मग काढली तर काय बिघडलं?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "पण ज्यांनी पुरली त्यांना किती वाईट वाटलं असेल!" दोघांचंही चुकलं नव्हतं. मला विचाराल तर मी ओवेनच्या बाजूचा. पण त्यानं आधी विचारलं, मग खणलं, म्हणून त्याच्या बाजूचा. विचारल्याशिवाय खणलं असतं तर नसतो.

अखेर १९६९ च्या मार्च महिन्यात खड्डा खणला गेला आणि बेचाळीस वर्षांनी बॅब्जनं सूर्य पाहिला.

गाडी काय म्हणाली?

नांगराचा फाळ एक पावसाळा शेतात विसरला तर त्याची काय दशा होते ते शेतकऱ्याच्या पोराला विचारा. इथं तर ओली वाळू, वर समुद्राचं मीठ, आणि बेचाळीस वर्षं! गाडीचा पत्रा खाल्ला गेला होता. पण जाडजूड पोलादी भागांपैकी कितीतरी टिकून होते. ओवेननं सगळा सांगाडा घरी नेला. एक एक नट सोडवला, घासला, तपासला. जे वापरता येईल ते वापरलं, जे खाल्लं गेलं होतं ते नव्यानं केलं. अनेकांची मदत झाली. नोकरी सांभाळून, सुट्टीत, रात्री जागून हे काम चाललं. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तब्बल पंधरा-सोळा वर्षं! आणि एक दिवस ते सत्तावीस लिटरचं इंजिन पुन्हा धडधडू लागलं.

पण मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. गाडी बाहेर आल्यावर तिचे मोडलेले भाग नीट बघता आले. आणि त्यांतून वेगळंच काहीतरी दिसू लागलं. आधी चेन तुटलीच नसावी. मागचं उजवं चाक आधी निकामी झालं असावं, गाडी कोसळली असावी, आणि त्या ओढाताणीत चेन तुटली असावी, असं तपासणाऱ्यांचं मत झालं.

हे साधं करून सांगतो. तुम्ही सायकलवरून पडलात. उठून बघता तर घंटी फुटलेली. आता कुणी म्हणालं, "घंटी फुटली म्हणून हा पडला," तर तुम्ही हसाल की नाही? अहो, पडला म्हणून घंटी फुटली! मोडलेली वस्तू सापडली म्हणजे अपघाताचं कारण सापडलं असं नसतं. आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे शोधावं लागतं. बॅब्जच्या चेनवर बेचाळीस वर्षं खुनाचा आळ होता. तिची बाजू कुणी ऐकलीच नव्हती. ऐकणार कशी? साक्षीदारालाच वाळूत पुरून टाकलेलं!

आजकाल विमान पडलं, रेल्वे रुळांवरून घसरली, की तिचे तुकडे फेकून देत नाहीत. ते गोळा करतात, मांडून ठेवतात, तज्ज्ञ बसून तपासतात. राग आला म्हणून यंत्र पुरून टाकलं तर तोच दोष दुसऱ्या यंत्रात राहतो आणि दुसऱ्याचा जीव घेतो.

बॅब्जची भेट घ्यायची असेल तर

ओवेन विन ओवेन २०१२ साली गेले. बॅब्ज मात्र आहे. वर्षातले काही महिने ती पेंडाईनच्या वेग-संग्रहालयात असते, जिथं तिचा विक्रम झाला आणि जिथं ती झोपली होती त्याच किनाऱ्यावर. बाकीचे महिने ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात, जिथं थॉमसनं तिला घडवलं. म्हणजे एका गाडीला दोन घरं, एक माहेर आणि एक सासर!

आता तुमच्यासाठी थोडा गृहपाठ. घाबरू नका, मार्क नाहीत.

एक : तुमची सायकल उलटी उभी करा. पायडलचं मोठं चक्र आणि मागच्या चाकाचं छोटं चक्र, दोन्हींचे दाते मोजा. मोठ्याला ४४ आणि छोट्याला २२ निघाले तर पायडल एकदा फिरवल्यावर मागचं चाक किती वेळा फिरेल? आधी गणित करा, मग चाकाला खडूची खूण करून प्रत्यक्ष बघा. पण बोटं चेनपासून लांब ठेवा हं! पायडल हळू फिरवायचं.

दोन : घराच्या माळ्यावर, गोठ्यात, मेस्तरीच्या दुकानामागं एखादी बंद पडलेली वस्तू शोधा. घड्याळ, टॉर्च, सायकलचा पंप, काहीही चालेल. मात्र विजेच्या तारेची वस्तू घ्यायची नाही. ज्याची आहे त्याला आधी विचारा, अगदी ओवेनसारखं. मग मोठ्या माणसाला शेजारी बसवून ती उघडा. काय मोडलंय ते बघा, आणि वहीत दोन रकाने करा : 'आधी काय झालं असेल' आणि 'त्यामुळं काय झालं असेल'. मोडलेला प्रत्येक भाग विचार करून योग्य रकान्यात लिहा.

तीन : घरात भांडणं होतात. धाकट्याच्या हातात फुटलेली पाटी दिसते आणि मार त्यालाच बसतो. पुढच्या वेळी असं झालं तर लगेच निकाल देऊ नका. आधी विचारा, "पाटी आधी फुटली की तू नंतर उचललीस?" बघा काय उत्तर येतं ते.